मामंजींसाठी निवडलेली पुस्तकं

सासरे माझ्याशी पहिल्यांदा बोलले, तेव्हा मला त्या घरात सून म्हणून येऊन पाच वर्षं झाली होती आणि माझे यजमान जाऊन दीड. बोलले म्हणजे तरी माझ्याकडे तोंड करून नव्हे. ओटीवर बसून भिंतीला सांगावं तसं ते सासूबाईंना म्हणाले, "तिला इचार, त्या ट्रंकेत काय हाय ते वाचून दाखवंल का."

मी माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत होते. मला सगळं ऐकू आलं होतं. तरी सासूबाई आत आल्या, तेच वाक्य मला पुन्हा सांगितलं, मी "दाखवेन" म्हणाले, आणि त्यांनी बाहेर जाऊन "दाखवते म्हणते" असं कळवलं. आमच्याकडे पद्धतच तशी होती. सासऱ्यांपुढे सुनेनं उभं राहायचं नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, आणि सासऱ्यांना मनातल्या मनात मामंजी. तोंडाने म्हणायची वेळच आली नव्हती.

माझं माहेर दासगावचं. वडील तिथे शाळामास्तर, म्हणून मी मराठी पाच इयत्ता शिकले. सासर पोलादपूरच्या पुढचं, आंबेनळीचा घाट चढायला लागतो त्याच्या अलीकडचं. भाताची खाचरं होती, डोंगरउतारावरची वरकस जमीन होती, गोठ्यात आठ जनावरं होती. थोरला मुलगा मुंबईला आणि धाकटा शेतीवर, असं त्या भागातल्या बहुतेक घरांसारखंच आमचंही होतं. थोरले म्हणजे माझे यजमान. ते मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. आमचा संसार म्हणजे साडेतीन वर्षांतले असे सात मुक्काम.

येताना ते माझ्यासाठी बांगड्या, पातळ वगैरे आणायचेच, पण त्याखेरीज छापताना शाई फासलेले, वाकडे छापले गेलेले पुस्तकांचे फर्मे आणायचे. सोळा सोळा पानांचे, न शिवलेले. छापखान्यात ते रद्दीत जायचे. ते म्हणायचे, "मी नुसती अक्षरं लावतो. पासष्टपासून ऐंशीपर्यंत माझं, पुढचं दुसऱ्याचं. गोष्टीत काय चाललंय ते मला कळत नाही. तू वाच आणि मला सांग." मग मी वाचायचे. कुणाचं लग्न ठरत असायचं, कुणी वाट चुकून जंगलात शिरलेलं असायचं, आणि ऐंशीव्या पानाला सगळं तुटायचं. पुढे काय झालं असेल यावर आम्ही दोघं बोलत बसायचो. त्यांची कल्पना नेहमी चांगली असायची. त्यांच्या मते सगळे घरी सुखरूप परत यायचे.

ते विषमज्वराने गेले. तार पोलादपूरला आली, तिथून माणूस घेऊन आला. मामंजी त्याच दिवशी निघाले. दासगावहून लाँच, बाणकोटहून आगबोट. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पाचव्या दिवशी ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले. ट्रंक त्यांनी माळ्यावर ठेवली आणि त्या दिवसापासून त्या घरात माझ्या यजमानांचं नाव कुणी काढलं नाही. मामंजी शेतावर जात, येत, जेवत. सासूबाई चुलीपुढे असत. मी माझ्या जागी. दीर-जाऊ दिवसभर शेतावर, आणि आम्ही तिघं एकमेकांना चुकवत राहायचो, एवढ्याशा घरात.

पुढल्या वर्षी मामंजींची दृष्टी गेली. आधी डाव्या डोळ्याची, मग उजव्याची. महाडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि आता काही होणार नाही, असंही सांगितलं. शेतावरचा माणूस ओटीवर आला. दिवसभर बसून राहायचे. आणि मग एके दिवशी त्यांनी ती ट्रंक खाली उतरवायला लावली.

ट्रंकेत दोन सदरे होते, एक धोतर होतं, आणि सुतळीने बांधलेला फर्म्यांचा गठ्ठा. पुढच्या खेपेला माझ्यासाठी आणायचा म्हणून यजमानांनी साठवलेला. मला सुतळी सोडवेना. सासूबाईंनी विळीवर कापली.

मी उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसले. मामंजी बाहेर, त्याच भिंतीच्या पलीकडे. पुढची सगळी वर्षं आम्ही असेच बसलो. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, की तासदीड तास. त्यांना मी दिसत नव्हतेच, मलाही त्यांचा फक्त एक पाय आणि काठी दिसायची.

"काय काय हाय त्यात?" त्यांनी विचारलं. सासूबाई चुलीपाशी गेल्या होत्या, त्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागलं.

"एक गुरांच्या रोगांवरचं आहे. एक कादंबरीचा पहिला भाग आहे. एक बोटीच्या प्रवासाचं वर्णन आहे. आणि लग्नाच्या पत्रिका आहेत, कोऱ्या."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "गुरांचं वाच."

मी गुरांचं वाचलं. लाळखुरकूत, फऱ्या, पोटफुगी. वाचता वाचता मला ऐकू आलं की मामंजी पुस्तकाशी भांडताहेत. "नाय नाय. असं केलं तर बैल मरंल." थोडं पुढे गेलं की, "हे बरोबर हाय. हे लिवणाऱ्याच्या बापाकडं गुरं असतील." सोळा पानं संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढं?"

"पुढं नाही, मामंजी. एवढंच आहे."

मी त्यांना मामंजी म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी प्रवासवर्णन घेतलं. लिहिणारा गृहस्थ आफ्रिकेला निघाला होता. बोट लागणं, डेकवरची माणसं, उडणारे मासे. शेवटच्या पानावर किनारा दिसू लागतो आणि "आम्ही सर्वजण कठड्याशी धावलो व" इथे पान संपतं. मामंजी काठी आपटून म्हणाले, "व काय?"

मला त्या दिवशी हसू आलं, आणि हसू आल्याचं फार वाईट वाटलं.

त्या 'व'च्या पुढचं शोधायला म्हणून आम्ही महाडला गेलो. तेव्हा पोलादपूर ते महाड मोटार नुकती सुरू झाली होती. त्याआधी बैलगाडी. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाचनालय होतं. दोन खोल्या, चार कपाटं, वर्तमानपत्रं ठेवायचं एक लांब मेज. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने काठी धरून मामंजी पुढे चढले, मी दोन पायऱ्या मागे. वर वर्तमानपत्रं वाचत बसलेली चारपाच माणसं वाचायची थांबली. तिथे बाई कधी आलीच नसावी, त्यात पांढऱ्या कपाळाची, आणि सोबत आंधळा म्हातारा. मी शेवटच्या पायरीवरच उभी राहिले.

तिथले व्यवस्थापक तपकीर ओढणारे, चष्मेवाले वृद्ध गृहस्थ होते. त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, "या. काय देऊ? कादंबरी, चरित्र, प्रवास, इतिहास, वैद्यक, शेतकी, नाटकं?"

मामंजींना बहुतेक एवढं काही असतं हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "खरं द्या. खोटं नको."

आमच्याकडचा फर्मा पाहून गृहस्थांनी मान हलवली. ते पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी दुसरंच एक प्रवासवर्णन दिलं. "हा विलायतेला गेलाय, आफ्रिकेला नाही. पण बोटीतूनच गेलाय." मामंजींनी ते चालवून घेतलं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी महाडची खेप होऊ लागली. गावात बोलणं झालंच. म्हाताऱ्याला चळ लागलाय, सुनेला घेऊन मोटारीने फिरतो. दिरांनीही एकदोनदा सुचवून पाहिलं की पुस्तक मी आणून देतो. मामंजी म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं. तिला बघून घेऊ दे." एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. मी मात्र त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडले. यजमान गेल्यावर माझ्यासाठी कुणी शब्द टाकल्याची ती पहिली वेळ होती.

निवडायचं काम असं माझ्यावर आलं. ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. चढून गेल्यावर हातात वेळ थोडा असायचा, मोटार थांबायची नाही. आणि एकदा आणलं की पंधरा दिवस ते पुस्तक आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर बसून राहायचं. इतिहास आणला, तर लढायांची नावं ऐकून मामंजी पेंगायचे. शेतकीची पुस्तकं आणली, तर रोज वाद. एकदा आकाशातल्या ग्रहताऱ्यांवरचं पुस्तक आणलं. आंधळ्या माणसाला ताऱ्यांचं काय वाचायचं, असं सासूबाई आतून पुटपुटल्या. पण ते पुस्तक त्यांनी दोनदा वाचून घेतलं. सूर्य किती कोस लांब, उजेड यायला किती वेळ लागतो, ते सगळं त्यांना पाठ झालं. मी डोळस असून मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं.

चरित्रांची मात्र एक अडचण होती. चरित्र म्हटलं की शेवटच्या प्रकरणात माणूस जातो. पहिलं चरित्र एका विद्वान गृहस्थाचं होतं. बालपण, शिक्षण, मोठं काम, सगळं छान चाललं होतं. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य वाचलं, 'त्या वर्षी त्यांची प्रकृती बिघडली', आणि मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

"दोनच पानं आहेत."

"ऱ्हाऊ दे सांगितलं ना. दुसरं आण."

पुढे तो नियमच झाला. पाच-सहा चरित्रं आम्ही शेवट सोडून परत केली. आमच्या ओटीवर त्यातलं कुणीच गेलं नाही. सगळे भर उमेदीत, काहीतरी काम हातात घेऊन तसेच उभे राहिले.

दोन वर्षं अशी खऱ्या गोष्टींत गेली. मला त्यांचा कंटाळा येऊ लागला होता, खोटं कशाला बोलू. मला कादंबरी हवी होती. मी एकवीस वर्षांची होते. कुणी कुणाला चोरून पत्र लिहितं, कुणी कुणाची वाट पाहतं, असं काहीतरी मला वाचायचं होतं, मोठ्याने नाही मिळालं तर मनात. पण पुस्तक एकच मिळायचं आणि ते मामंजींचं असायचं.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात मी धीर करून बोलले. पुढचे तीन-साडेतीन महिने नदीनाले भरले की महाडची वाट बंद. त्या आधीच्या शेवटच्या खेपेला मोटारीत मी म्हटलं, "मामंजी, या वेळी जाडसं काही घेऊ या का? कादंबरी?"

"खोटी?"

"खोटी. पण मोठी असते. पुरेल."

वाचनालयाच्या जिन्याशी आल्यावर ते म्हणाले, "त्यात कोण मरतंय का ते बघून घे."

मी बघून घेतलं म्हणजे काय केलं, तर सर्वांत जाड कादंबरी उचलली आणि शेवटचं पान उघडलं. शेवटी लग्न होतं, सनई वाजत होती. मी ती घेतली. तपकीरवाले गृहस्थ काहीतरी सांगायला आले आणि मग नुसतंच "बरं" म्हणाले. खाली मोटार कर्णा वाजवत होती.

मामंजींना कादंबरी आवडेल असं मला वाटलं नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात ते त्यातल्या माणसांवर रागावू लागले, त्यांना सल्ले देऊ लागले. गोष्ट एका खेड्यातल्या कुटुंबाची होती. थोरला मुलगा शिकायला शहरात जातो. गरीब, कष्टाळू, आईला पत्रं लिहिणारा. धाकटीचं लग्न जमायचं असतं. ते शेवटचं लग्न तिचंच होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुस्तकाच्या मध्यावर एका दुपारी मी एका पानावर आले, आणि दोन ओळी पुढे नजर गेली, आणि थांबले. थोरला तापाने आजारी पडला होता. पान उलटण्याआधीच मला कळलं. मी घसा खाकरला आणि पुस्तकात नसलेलं वाक्य वाचलं, "दोन दिवसांनी त्याचा ताप उतरला."

बाहेर काठी हलली. "बरा झाला?"

"हो. झाला बरा."

पुढची पानं मी रात्री मनात वाचून पाहिली. पुस्तकात त्याचे आईवडील आक्रोश करत होते. ते मला वाचता येईना. मग मी रचू लागले. रोज दुपारी पुस्तक मांडीवर उघडून बसायचे आणि नसलेल्या गोष्टी वाचायचे. तो बरा झाला, त्याला नोकरी लागली, त्याने आईला पत्र लिहिलं. मामंजी विचारायचे, "खोली कशी हाय त्याची? कोणाबरोबर राहतो?" मी सांगायचे, चौघंजण आहेत, खिडकी आहे, खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं. "खातो कुठं?" खानावळीत. "बरं असतं का जेवण?" बरं असतं, पण आईच्या हातचं नाही. मला हे सुचत कुठून होतं, मलाच माहीत. मुंबई मी पाहिली नव्हती. साडेतीन वर्षं मी ज्याची कल्पना करत होते, तेच मी वाचत होते. चुलीपाशी सासूबाईंची भांडी वाजायची थांबलेली असायची.

पाचव्या दिवशी त्याने घरी यायचं ठरवलं, असं मी वाचलं. गणपतीला येणार, रजा मिळाली. तेव्हा मामंजी म्हणाले, "पोरी."

त्यांनी मला अशी कधी हाक मारली नव्हती.

"किती दिस जगवशील त्याला?"

मी ओळीवर बोट तसंच धरून ठेवलं.

"चार दिस झाले, तू पान उलटलं नायस. मला ऐकू येतं गो. मेला ना तो?"

"हो."

"कशानं?"

"तापानं."

बाहेर पाऊस एकसारखा लागून राहिला होता. मला वाटलं आता ते म्हणतील, ऱ्हाऊ दे. मी पुस्तक मिटायला लागले होते.

"वाच," ते म्हणाले. "हाय तसं वाच."

मी त्याच पानापासून आहे तसं वाचलं. आजार, तार, बापाचं धावत जाणं. माझा आवाज दोनदा गेला. दोन्ही वेळा ते थांबले, आणि मी पुन्हा सुरू केलं. आई आक्रोश करते त्या ठिकाणी मी आले तेव्हा माझ्या मागे कुणीतरी होतं. सासूबाई चुलीपासून उठून आल्या होत्या, ओल्या हातांनी, आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात धरला होता. मग तो सुटला. तीन वर्षं आठ महिन्यांनी त्या आपल्या मुलाचं नाव घेऊन रडल्या. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. भिंतीपलीकडे मामंजी रडत होते. म्हाताऱ्या पुरुषाचं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. खोकल्यासारखं असतं ते.

रडणं ओसरल्यावर ते तिथूनच बोलायला लागले. आम्हा दोघींना त्यांनी मुंबईचं सांगितलं. आगबोटीतून उतरून पत्ता विचारत विचारत ते चाळीपर्यंत गेले. जिना चढले. खोलीचं दार उघडं होतं, आत त्याचे सोबती बसले होते. "आत ये म्हनाले. माझं पाऊल आत पडंना. दारातच हुबा ऱ्हायलो. त्यांनी ट्रंक आणून दिली, ती घेतली नि उतरलो. त्याची जागा कंची ते बघितलं नाय. कशावर निजायचा ते बघितलं नाय. आता डोळं हायत कुठं."

सासूबाई म्हणाल्या, "मला इतकी वर्सं वाटत होतं, तुमी बघून आलात नि मला सांगत नाय."

तेवढंच. मग त्या उठून चूल पेटवायला गेल्या, कारण संध्याकाळ झाली होती आणि दीर-जाऊ लावणीवरून भिजून येणार होते.

कादंबरी आम्ही पुरी केली. लग्नापर्यंत. मामंजींना ते लग्न घाईघाईचं वाटलं.

भादव्यानंतर वाट खुली झाली आणि आम्ही महाडला गेलो, तेव्हा त्यांनी वेगळंच मागितलं. आधी परत केलेली चरित्रं पुन्हा काढायला लावली. "नुसता शेवट वाचायचा हाय," ते म्हणाले. व्यवस्थापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच नियम मोडून तीन पुस्तकं एकदम दिली. त्या हिवाळ्यात आम्ही ओटीवर एकेका मोठ्या माणसाला पोचवलं. कुणाला बायकामुलं जवळ होती, कुणी परगावी गेला, कुणी शेवटपर्यंत शुद्धीवर होता. मामंजी शांतपणे ऐकायचे. एकदा म्हणाले, "सगळ्यांच्या शेवटाला कोन ना कोन होतंच." मग म्हणाले, "त्याच्या उशाशी पन सोबती होते. चांगली पोरं होती."

मग ते काहीही ऐकू लागले. नाटक, कादंबरी, चोराच्या शोधाच्या गोष्टी. खरं-खोटं विचारायचं त्यांनी सोडून दिलं. माझ्या मनासारखं निवडायला मला मोकळीक मिळाली आणि माझी पंचाईतच झाली. चार कपाटांपुढे उभी राहिले की मला काय हवंय तेच कळायचं नाही. वाट पाहणाऱ्या नायिकेच्या गोष्टी हातात घेतल्या की त्या मला पोरकट वाटायच्या. वाचायच्या वयात त्या मिळाल्या नाहीत, आणि मिळाल्या तेव्हा ते वय मागे पडलं होतं. मी पुष्कळदा डोळे मिटून एखादं ओढून घ्यायचे आणि मामंजींना सांगायचे, हे चांगलं आहे म्हणतात.

आणखी दोन वर्षांनी माघात ते गेले. आजार म्हणावा असा नव्हता. आदल्या दुपारी मी त्यांना आंब्याच्या कलमांवरचं छोटं पुस्तक वाचून दाखवलं होतं आणि त्यांनी दिरांना सांगून विहिरीकडच्या आंब्याची फांदी बघायला धाडलं होतं. सकाळी उठले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर ते पुस्तक परत करायला हवं होतं. दीर मी जातो म्हणाले. मी नको म्हटलं. मोटारीत बसायला निघाले तर सासूबाई नेसून, चपला घालून दारात उभ्या.

"मी पन येते."

त्यांनी वाचनालय कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात महाडलाही त्या चारदा गेल्या असतील. जिना चढून त्या सरळ आत गेल्या, मी जिथे पायरीवर थांबायचे तिथे थांबल्याच नाहीत. व्यवस्थापकांनी मामंजींचं ऐकलं होतं. ते उठून उभे राहिले. सासूबाईंनी कपाटांकडे पाहिलं, तीन-चार वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि विचारलं, "ह्यात मुंबईचं हाय का?"

"मुंबईचं म्हणजे? कादंबरी की इतिहास?"

"मुंबई कशी हाय ते. रस्ते, घरं. माझा मुलगा हुता तिथं."

त्यांनी बराच वेळ शोधलं आणि एक वाटाड्यासारखं पुस्तक आणून दिलं. परगावच्या माणसाला मुंबई पाहायला उपयोगी पडावं म्हणून लिहिलेलं. रस्त्यांची नावं, बाजार, देवळं, धक्के, ट्रामचे मार्ग. त्यात गोष्ट नव्हती की वर्णनाला रंग नव्हता. इतकं रूक्ष पुस्तक मी हातात धरलं नव्हतं.

ते आम्ही उन्हाळाभर वाचलं. सासूबाईंसाठी मला भिंतीआड बसावं लागत नव्हतं. त्या समोर बसून शेंगा सोलायच्या, काजू फोडायच्या आणि रस्त्याचं नाव आलं की विचारायच्या, "हितनं जायाचा का गो तो?" मला माहीत नसायचं. छापखाना कोणत्या भागात होता एवढं मला ठाऊक होतं, चाळीचं नाव ठाऊक होतं, पण त्या पुस्तकात छापखाने नव्हते आणि चाळी तर मुळीच नव्हत्या. मोठ्या इमारती होत्या, राणीचा बाग होता. मी म्हणायचे, "जात असतील." एकदा एका देवळाचं नाव आलं, ते यजमानांनी एका शिमग्याला मला सांगितलं होतं. सोमवारी तिथे जातो म्हणाले होते. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तो परिच्छेद चार वेळा वाचायला लावला. देवळाला किती पायऱ्या आहेत, ते त्यात दिलं होतं. त्यांनी तो आकडा लक्षात ठेवला.

पुस्तक तीनदा मुदत वाढवून घेतलं. तिसऱ्या वाचनाच्या मध्येच एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं आता. ह्यात तो नाय."

मी पुस्तक मिटलं.

"हसायचं काय असतं का? तसं आण."

पुढच्या खेपेला मी व्यवस्थापकांना विनोदी काही मागितलं. त्यांनी एका प्रहसनांच्या पुस्तकाची फार तारीफ केली. वाचताना स्वतःचा चष्मा गळून पडल्याचं सांगितलं. घरी आणून मी ते मन लावून वाचलं, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून. कंजूष सासरा, बहिरा नोकर, धांदरट नवरदेव. जाऊ पोट धरून हसली. सासूबाई शेवटपर्यंत हात जुळवून, कथेला बसावं तशा गंभीर बसल्या होत्या.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "तू हसलीस का?"

"नाही, आत्याबाई."

"मला वाटलं हसू मलाच यायचं नाय." त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "असू दे. हे परत कर. दुसरं बघ काय मिळतं ते."